माझ्या दोन पेंढ्या तेवढ्या ठेवा

आई, अप्पा,

परवा फोनवर अप्पांनी विचारलं, "तू तठे नेमकं काय करस?" आणि मी "प्रयोग" एवढंच बोलून विषय बदलला, नंतर माझं मलाच बरं नाही वाटलं, म्हणून लिहितेय.

तर अप्पा, मी कपाशीच्या पऱ्हाट्यांपासून, म्हणजे वाळलेल्या काड्यांपासून, इथेनॉल करायच्या मागे लागलेय, पेट्रोलमध्ये टाकतात ते. पऱ्हाटीतलं सेल्युलोज म्हणजे मुळात साखरच, पण घट्ट साखळी धरून बसलेली, वरून लिग्निनचं लिंपण. साखर सुटी करायला एन्झाइम लागतं, ते कोण बनवतं माहितीये? तुम्ही मर रोगासाठी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळता ना, तिचीच चुलत बहीण. पण लिंपण निघाल्याशिवाय एन्झाइमला आत जागाच मिळत नाही.

ते काढायला मी कोलिन क्लोराइड, जे कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, आणि लॅक्टिक ॲसिड, आईच्या दह्यातलं, एकत्र गरम करून घट्टसर द्रव करायचे. याला ग्रीन सॉल्व्हंट म्हणतात, म्हणजे पर्यावरणाला कमी त्रास देणारा द्रव. लिंपण मस्त निघतं, पण द्रव जरा जरी मागे राहिला तरी आंबटपणामुळे एन्झाइम गपगार. आई, दूध जास्त गरम असलं की विरजण रात्रभर ठेवूनही लागत नाही ना, तस्सं. तीन आठवडे असेच गेले, रोज सकाळी बघावं तर साखर नाहीच. मग काय, धू, अजून धू. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर आटते आणि मी इथे भुसा धुवायला एवढं पाणी ओततेय, याला ग्रीन कसं म्हणायचं? मला तर नाही पटत.

म्हणून आता दुसरा द्रव घेतलाय, कोलिन आणि लायसिनचा, लायसिन आपल्या डाळीतही असतं. तो आंबटाच्या उलट, सोड्यासारखा अल्कली बाजूचा, त्यामुळे आधी ॲसिड घालून पीएच ५ च्या आसपास, म्हणजे किंचितच आंबट, आणायचा, मग न धुता त्याच भांड्यात एन्झाइम टाकायचं, ५० डिग्रीला, म्हणजे जळगावच्या मे महिन्यापेक्षा थोडंच वर. सोमवारी पहिल्यांदा साखर दिसली. चिमूटभरच, पण दिसली!

आता काम सांगते. यंदा सगळ्या पऱ्हाट्या पेटवू नका. बोंडअळीचं म्हणाल तर वाळकी बोंडं झाडून जाळा खुशाल, नुसत्या काड्यांच्या दोन पेंढ्या पत्र्याखाली कोरड्या ठेवा, संक्रांतीनंतर येऊन नेते. आणि आई, भरिताची वांगी भाजायला दुसऱ्या घे हं, माझ्यातल्या ओढू नकोस.

तुमची,
ताई