प्रशिक्षक मिळाल्या आहेत, आता मैदान हवे
भुसावळच्या बास्केटबॉलसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

भुसावळमधील बास्केटबॉल खेळाडू व पालकांच्या समितीतर्फे हे आवाहन करीत आहोत. याच शहरात खेळायला शिकलेल्या आणि पुढे खेळाडू कोट्यातून नोकरी मिळवून अनेक वर्षे खात्याच्या संघातून खेळलेल्या एक ताई आता आपल्या मुलामुलींना शिकवायला तयार झाल्या आहेत. आपले नाव पत्रकात छापू नये एवढीच त्यांची अट आहे, ती आम्ही पाळतो. त्यांना मानधन नको आहे. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: खेळता येईल असे मैदान, मुलांच्या वयाला साजेसे साहित्य आणि प्रशिक्षक म्हणून स्वतःच्या शिक्षणाची सोय. या तिन्हींसाठी आपल्याकडे हात पसरत आहोत.

तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच येतात. ‘इतकी वर्षे खेळल्या, त्यांना आणखी काय शिकायचे?’ असे लोक विचारतात. खेळणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ले-अपचेच, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून बॉल टाकण्याचेच, उदाहरण घ्या. उजव्या हाताने ले-अप मारायचा तर शेवटच्या ड्रिबलनंतर (बॉल जमिनीवर आपटत नेणे म्हणजे ड्रिबल) उजवे पाऊल, मग डावे, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर आणि बॉल रिंगमागच्या बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर. मुरलेला खेळाडू हे पापणी लवण्याआधी करतो, आणि म्हणूनच आपण काय केले ते त्याला सांगता येत नाही. नवी मुलगी चुकते कुठे? बहुतेकदा उडीत नाही, तर दोन पावले आधी. शेवटचा ड्रिबल चुकीच्या पावलावर पडला की ती पाऊल जुळवायला एक पाऊल जास्त टाकते, आणि पंचांची शिट्टी वाजते. अशा वेळी ‘नीट धाव’ म्हणून ओरडण्याचा उपयोग नसतो. उलट्या क्रमाने शिकवावे लागते: आधी ड्रिबल न करता रिंगजवळ उभे राहून फक्त डाव्या पावलावरून उडी, मग दोन पावले, मग एक ड्रिबल आणि दोन पावले, आणि शेवटी धावत येऊन. ही फोड करता येणे हेच प्रशिक्षकाचे शिक्षण.

जगातले मोठे खेळाडूही याला अपवाद नाहीत. अमेरिकेतल्या महिला लीगमधल्या नामांकित खेळाडू बेकी हॅमन यांचा गुडघा २०१३ मध्ये दुखावला. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्या सॅन अँटोनियो स्पर्स या पुरुषांच्या संघाच्या सरावाला आणि बैठकांना जाऊन बसत. २०१४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच संघाने त्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून घेतले. आठ वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढून २०२२ मध्ये त्या लास व्हेगास एसेस या महिलांच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळाले.

आपल्याकडे खेळाडूची वाट आणखी अरुंद असते. शाळा, जिल्हा, राज्य, विद्यापीठ, आणि मग रेल्वे, पोलीस, आयकर, बँक अशा एखाद्या खात्यात नोकरी. खेळाडूचे घर त्या नोकरीवर चालते. २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेल्या बास्केटबॉलपटू अनिता पॉलदुराई याही रेल्वेच्या नोकरीत राहूनच भारतासाठी खेळल्या. लीगच्या भरवशावर आयुष्य उभे करता येत नाही. यूबीए प्रो बास्केटबॉल लीग ही आपल्याकडची व्यावसायिक लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली, शिवाय ती पुरुषांचीच होती. तिशी ओलांडली की गुडघे आणि घोटे बोलू लागतात, संघातली जागा जाते, खेळाडू कचेरीतल्या टेबलामागे बसतो आणि वीस वर्षांची जाण फाइलींखाली दबते. ताईंच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स त्यांनी करावा अशी आमची योजना आहे. रजा त्या स्वतः काढणार आहेत. शुल्क, प्रवास आणि राहण्याजेवणाचा खर्च समितीने उचलायचा आहे.

आता मैदान. मुले सध्या खेळतात त्या कोर्टचा पूर्वेकडचा अर्धा भाग फुटला आहे. दोष सिमेंटचा नाही, खालच्या मातीचा आहे. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या अर्ध्या भागाखाली भरावच नाही, काळ्या मातीवर थेट कोबा ओतलेला आहे. माती वरखाली झाली की कोबा तडकतो, तड्यातून पाणी खाली जाते, माती आणखी फुगते. आज तिथे ड्रिबल केला तर बॉल सरळ वर येत नाही, बाजूला पळतो. बॉलमागे वळणाऱ्या मुलांचे घोटे याच तड्यात मुरगळतात. वरून प्लास्टर मारून भागणार नाही. तसे केले तर पुढच्या पावसाळ्यानंतर तोच तडा तिथेच वर येईल.

म्हणून पाया नव्याने करायचा आहे. पूर्ण कोर्ट २८ मीटर बाय १५ मीटरचे असते. अर्धा भाग आणि तिन्ही बाजूंना २ मीटर मोकळी जागा धरून १६ बाय १९, म्हणजे ३०४ चौरस मीटर काम होईल. काळी माती ७५ सेंटिमीटर खोल काढायची, ४५ सेंटिमीटर मुरूम भरायचा, त्यावर १५ सेंटिमीटर दगडी सोलिंग आणि वर १५ सेंटिमीटर काँक्रीट. मुरूम एकदम ओतायचा नाही. १५-१५ सेंटिमीटरचे तीन थर, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर. या एका ठिकाणी घाई झाली तर बाकी सगळे पैसे मातीत जातात.

लागणारा माल असा: मुरूम ६२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), सोलिंगचा दगड २० ब्रास, खडी १४ ब्रास, वाळू ७ ब्रास, सिमेंट ३६५ पोती. ज्यांना रोख देण्यापेक्षा वस्तू देणे सोयीचे वाटते त्यांनी एक ब्रास मुरूम किंवा पाच पोती सिमेंटही द्यावे. शेतकरी बांधवांकडे रिकामे ट्रॅक्टर-ट्रॉली असतील तर काढलेली काळी माती उचलून न्यावी. माती कसदार आहे, आपल्याच शेतात पडेल आणि आमचा वाहतुकीचा खर्च वाचेल.

काँक्रीटला पाण्याचा उतार आडव्या दिशेने शंभराला एक द्यायचा आहे, शाबूत असलेल्या अर्ध्या भागाला जुळेल असाच. दोन्ही भाग मधल्या रेषेवर सांध्याने वेगळे ठेवू, नाहीतर जुना भाग नव्याला ओढेल. दर चार मीटरवर कटरने सांधे कापायचे, तेही काँक्रीट घट्ट होताच. उशीर झाला की काँक्रीट आपल्या मर्जीने जागा निवडून फुटते. त्यानंतर किमान दहा दिवस आळी करून पाणी साचवायचे. ॲक्रिलिकचा रंगीत थर मात्र २८ दिवसांनंतरच. ओल राहिलेल्या काँक्रीटवर रंग दिला की फोड येतात आणि पापुद्रे निघतात. हे सगळे पावसाआधी आणि शक्यतो उन्हाच्या कडाक्याआधी व्हायला हवे. दिवाळीनंतर खोदकाम, पौषात काँक्रीट आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग असा बेत आहे. त्यासाठी माल दसऱ्यापर्यंत ठरलेला असावा लागतो.

रिंगचा खांबही बदलायचा आहे. सध्याचा खांब शेवटच्या रेषेला अगदी लागून आहे. ले-अप मारून पुढे गेलेली मुलगी थेट लोखंडावर आदळते. नियमाने खांब रेषेच्या बाहेर किमान २ मीटर हवा आणि बोर्ड १.२० मीटर आत. म्हणजे सव्वातीन मीटरच्या आसपास लांबीचा हात लागतो. वजन पुढे झुकत असल्याने पाया खोल हवा. काळ्या मातीत उथळ पाया दोन पावसाळ्यांत पुढे कलतो आणि ३.०५ मीटरची रिंग नकळत खाली येते. खांबाला फोमचे आवरणही लागेल. बोर्ड १२ मिलिमीटर ॲक्रिलिकचा, १.८० बाय १.०५ मीटर. प्लायवूड नको, एका पावसाळ्यात फुगते. दिव्यांबाबत एकच सांगणे आहे: कोणी दिवे देणार असेल तर खांब कोर्टच्या लांब बाजूला उभे करू, रिंगच्या मागे नाही. तिथला दिवा नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

साहित्यात ताईंचा आग्रह लहान मुलांच्या वस्तूंवर आहे आणि तो आम्हाला पूर्ण पटला आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात ७ नंबरचा, सहाशे ग्रॅमचा बॉल दिला आणि समोर ३.०५ मीटरवर रिंग ठेवली, तर ती काय करते ते एकदा मैदानावर येऊन पाहा. बॉल कमरेपाशी आणते, पाठ मागे टाकते आणि दोन्ही हातांनी भिरकावते. कोपर बाहेर, मनगट ताठ. कधीतरी बॉल रिंगमध्ये पडतोही, आणि पालक टाळ्या वाजवतात. चार वर्षांनी अंगात ताकद येते, पण हाताला तेच वळण लागलेले असते, आणि कमरेतून निघालेला बॉल समोरची बचावपटू अलगद काढून घेते. ती सवय मोडायला पुढची दोन वर्षे जातात. हे टाळायचे तर १२ वर्षांखालच्यांना ५ नंबरचा बॉल आणि २.६० मीटरवर रिंग हवी. त्यामुळे ५ नंबरचे १२ बॉल, मोठ्या मुलींसाठी ६ नंबरचे ८, मुलांसाठी ७ नंबरचे ६, आणि उंची कमीजास्त करता येणारे रिंगचे दोन स्टँड हवे आहेत. बॉल रबरीच द्यावेत. चामड्याचा किंवा कंपोझिट, म्हणजे कृत्रिम चामड्याचा, बॉल महाग असतो आणि उघड्या सिमेंटवर थोड्याच दिवसांत सोलून निघतो. शिवाय सहा जाळ्या, हवेचा पंप, त्याच्या दहा सुया आणि सरावात जमिनीवर मांडायचे चोवीस कोन (शंकू).

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार केला आहे. एप्रिल-मेमध्ये सराव पहाटे साडेपाच ते साडेसात. बॉल उन्हात ठेवायचे नाहीत, हवा फुगून त्यांचा गोलावा जातो. म्हणून सावलीत एक बंदिस्त पेटी हवी. सरावानंतर प्रत्येकाला एक केळे आणि मूठभर फुटाणे द्यावेत असे ठरले आहे. यावल-रावेरकडच्या बागायतदारांनी आठवड्याला दोन घड दिले तरी पुरे.

मदत कशी द्यावी: वस्तू आणि मालाची मदत थेट दुकानदाराकडे किंवा खाणीवर नोंदवावी, पावती समितीच्या नावाने घ्यावी. रोख आणि ऑनलाइन रकमेसाठी समितीच्या खात्याचा क्यूआर कोड मैदानाच्या फाटकावरील फलकावर लावला आहे. प्रत्येक रकमेची पावती मिळेल, आणि जमाखर्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच फलकावर लागेल. आमच्याकडे ८०जी प्रमाणपत्र नाही, त्यामुळे आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. कोर्सचा खर्च, मैदान आणि साहित्य असे तीन हिशेब वेगळे ठेवले आहेत. आपली रक्कम कशासाठी आहे ते सांगितलेत तर ती तिथेच खर्च होईल. श्रमदानाला येणाऱ्यांनी संध्याकाळी सहा ते आठ मैदानावर नाव नोंदवावे. रोलर चालवू शकणारे, गवंडीकाम जाणणारे आणि वेल्डर यांची विशेष गरज आहे.

बऱ्याच जणांनी जुने बूट देऊ का असे विचारले आहे. जरूर द्यावेत, पण देण्याआधी तळ पाहावा. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला बूट धुळीच्या कोर्टवर घसरतो. वरून कितीही चांगला दिसला तरी तो देऊ नये.