दिग्याला: आईची पऱ्हाटी

कळंब (यवतमाळ),
२ ऑगस्ट

प्रिय दिग्या,

'सवडीनं लिहितो' असं तुला कळवून तीन महिने झाले. सवड आज रात्री मिळाली, कारण झोप येत नाही. तब्येत बरी. शुगर होती तिथेच आहे.

आईची अंगणातली पऱ्हाटी, ते कपाशीचं झाड, जळाली. वहिनी म्हणेल, एका झाडापायी एवढं मोठं पत्र? म्हणून तुलाच लिहितोय.

ते १२० ग्रॅम आठवतं ना? बीटीच्या, म्हणजे बोंडअळी मारणारा जीन घातलेल्या कपाशीच्या, ४५० ग्रॅम बियाण्यासोबत यायचं ते बिगर-बीटीचं पाकीट. २००६ ला, बीजी-२ हे दोन जीनवालं बीटी आलं त्या हंगामात, तू आमच्या धुऱ्यावर उभा राहून भांडला होतास. चारी बाजूंनी पाच ओळी याच्या लाव, तिथे साध्या अळ्या जगू दे, त्यांचे पतंग बीटी पचवून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुळतील आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीनं मरतील. मी म्हणालो, "अळ्यांच्या पंगती उठवायला मी काय अन्नछत्र उघडलंय?" बाबा हसले. तू चहा न घेता गेलास. पाकीट मी तिथंच फेकलं. आईनं ते उचललं आणि चार सरक्या अंगणात टोचल्या, वातींसाठी. मला वाटतं अख्ख्या गावात लागलेलं तेवढंच रेफ्युजी, साध्या अळ्यांचा आसरा. (पुढं ती झाड उपटेचना, म्हणजे बारमाही फरदड, हंगाम संपला तरी उभंच ठेवलेलं पीक. तू पाहिलं असतंस तर अळीची खानावळ म्हणून तिलाही झापलं असतंस.)

मग २०१७. शेतभर डोमकळ्या, अळी आत शिरून न उमललेली फुलं. दिवाळीच्या सुमारास आईच्या झाडाचं एक आणि शेतातलं एक अशी दोन बोंडं ओसरीवर फोडली. दोन्हीत तीच गुलाबी अळी, सरकीत तोंड खुपसून बसलेली. कुठलं बोंड कुठलं, मला सांगता येईना. त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारताना विषबाधेनं वीसेक माणसं गेली. फवारे सगळेच बोंडअळीचे नव्हते, मान्य. पण गजाच्या पाठीवर पंप मीच चढवून दिला होता, तोंडाला रुमालही न बांधता. आठवडाभर त्याला धड दिसत नव्हतं.

लेका, पहिली काही वर्षं फवारे खरंच कमी झाले होते की! मातीतल्या एका जिवाणूच्या जीननं गजासारख्यांचं अंग वाचत होतं, आणि ते मी आळसापायी घालवलं. एकट्यानं नाही. लांब मुदतीचे संकरित वाण, फेब्रुवारीपर्यंत फरदड, एकाच बोंडात काही सरकीत जीन आणि काहीत नाही. शिवाय त्या छोट्या पाकिटातलं बी पुष्कळदा उगवायचंच नाही. ही सगळी कारणं तुझ्याकडूनच शिकलो आणि तुलाच ऐकवतोय.

आता यंदाचं. बंटीनं मला न विचारता चार एकर चोरबीटी लावलं, तणनाशक सोसणारं, मंजुरी नसलेलं बी. पाकिटावर कंपनी नाही, बिल नाही. निंदायला बाया मिळत नाहीत, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. आणि २०१९ ला अकोली जहांगीरला लोकांनी हेच बी उघडपणे लावलं, तेव्हा टाळ्या वाजवून आलेला मीच. तू आठ महिने बोलला नव्हतास. गेल्या पंधरवड्यात त्यानं तणनाशक मारलं आणि उरलेला अर्धा पंप अंगणातल्या गवतावर रिकामा केला. शेतात पिवळ्या गवतात कपाशी हिरवीगार उभी आहे. घरी आईची पऱ्हाटी शेंड्याकडून पिवळी पडत गेली.

"आजी, एक झाड तर होतं," बंटी म्हणाला. आई गप्प. मीही गप्प. कोणत्या तोंडानं बोलणार?

जीन वाईट असं मी म्हणत नाही, तूही कधी म्हणाला नाहीस. पण मंजुरीच नाही, तर त्याच्यासोबत रेफ्युजीचं पाकीट कोण देणार? उद्या तणच औषधाला जुमानेनासं झालं तर कोणाची गचांडी धरायची? आपण निदान नियम असताना मोडला. याला मोडायलाही नियम नाही. काल शांताकाकू दारातूनच विचारून गेली, "यंदा निंदण नाही का बापू?" तिला तरी काय सांगू?

चार एकर उपटू का? खरं सांग, आणि पीडीएफ पाठवू नकोस.

पिंकीला नव्वदच्या वर पडले म्हणे, तिला शाबासकी. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? हैदराबादेत पाऊस कसा?

पोळ्याला येशील तेव्हा देशी कापसाची मूठभर सरकी आण. आई सध्या दुकानातल्या वाती लावते. त्या तेल पीत नाहीत म्हणते.

तुझा,
सुध्या