काठीचं नाव

हॅरो, लंडन
रविवार, रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले आणि काठी अजून दाराआड, छत्रीशेजारी लटकतेय म्हणे. फ्रीज, टेबल, मग भिंत, असं धरत धरत बाबा मोरीपर्यंत जातात. बाबा, आईवर रागावू नका, मीच तिला खोदून खोदून विचारलं.

तुम्हाला मायकेल रोझेनचं सांगते. १९४६ चा जन्म, म्हणजे तुमच्याच आसपासचा. इथल्या पोरांचा लाडका कवी. अस्वल शोधायला निघालेल्या कुटुंबाचं त्याचं १९८९ चं पुस्तक ईराला रोज रात्री लागतं. पांघरुणाचा चिखल होतो आणि मला त्यातून पचक पचक करत जावं लागतं. हा गृहस्थ खरं तर डॉक्टर व्हायला निघाला होता. मेडिकल सोडून ऑक्सफर्डला इंग्रजी शिकला. (बाबा, तुमचा चेहरा दिसतोय मला.) १९७४ मध्ये मुलांच्या कवितांचं पहिलं पुस्तक आलं, पुढे शंभरावर. २००७ ते २००९ तो इथला 'चिल्ड्रन्स लॉरिएट', म्हणजे बालसाहित्यिकांना मिळणारा मानाचा किताब, त्याचा मानकरी होता. कवितांचे विषय काय, तर रात्री चोरून केक खाल्ला आणि सकाळी पकडला गेलो!

त्याचं एक पुस्तक मात्र मी वरच्या फळीवर ठेवलंय. १९९९ मध्ये त्याचा अठरा वर्षांचा मुलगा एडी मेनिंजायटिसने गेला. त्या दुःखावर त्याने मुलांसाठी लिहिलं. पहिल्याच चित्रात तो हसतोय आणि सांगतोय की हे हसू खोटं आहे. दुःखी दिसलो तर लोकांना आवडणार नाही, म्हणून. तुमचं फोनवरचं "मी एकदम ठणठणीत" ऐकलं की मला ते चित्र आठवतं.

मार्च २०२० मध्ये त्याला कोविड झाला. चाळीस दिवस औषधांनी बेशुद्ध ठेवलं होतं. नर्सेस त्याच्या वहीत त्याला पत्रं लिहायच्या, वाचणारा शुद्धीवर नसताना. जागा झाला तर उभंच राहता येईना. डाव्या डोळ्याची नजर आणि डाव्या कानाचं ऐकणं बरंचसं गेलेलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो नव्याने चालायला शिकला. हातात काठी आली तर तिचं नाव ठेवलं, स्टिकी मॅक्स्टिकस्टिक! २०२१ मध्ये तिच्यावर पुस्तकही काढलं.

ते वाचल्यावर ईराने विचारलं, "आबांच्या काठीचं नाव काय?" म्हटलं, अजून बारसं व्हायचंय. मी 'काठोबा' सुचवलं. तिला साफ नामंजूर. काठी 'ती' असते, मग 'बा' कसा? तिने स्वतःच्या अक्षरात सात नावं लिहिलीत, सोबत पाठवतेय. निवड बाबांनी करायची. बुधवारी व्हिडिओ कॉलवर ती विचारणार आहे आणि काठी हातात धरून दाखवावी लागेल.

आई, तेवढी ती छत्री दुसरीकडे टांग.

तुमची,
मनू