वहीतल्या खोट्या आकड्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

तुमच्याकडे आले तेव्हा टाइप वन डायबिटीस होऊन मला दीड वर्ष झालं होतं. तोवर आहाराचं शिक्षण म्हणजे दवाखान्यात हातात पडलेला एक कागद: काय खायचं नाही, त्याची यादी. भेटेल तो वर सांगायचा, ‘साखर सोड, बरी होशील.’ शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, साखर सोडून ते कुठून येणार? पण मी बापडी सोडत गेले. इन्सुलिनचा डोस ठरलेला, ताट रोज लहान होत चाललेलं. मग रात्री शुगर लो होऊन घामाघूम व्हायचे आणि भीतीने समोर दिसेल ते खायचे.

पहिल्याच भेटीत तुम्ही लिओनार्ड थॉम्पसनची गोष्ट सांगितलीत. टोरांटोचा 14 वर्षांचा मुलगा, जानेवारी 1922 मध्ये त्याला इन्सुलिन टोचलं. त्याआधी या आजारात जगवायला जवळजवळ उपाशी ठेवायचे. ‘तुम्ही इन्सुलिनही घेताय आणि 1922 च्या आधीचा उपचारही चालू ठेवलाय,’ म्हणालात. दीड वर्षात या आजारावर मी पहिल्यांदा हसले.

पुढे वजनकाटा आला, वही आली, कार्ब, म्हणजे जेवणातली कर्बोदकं, मोजणं आलं. 10 ग्रॅम कार्बला एक युनिट इन्सुलिन, हे माझं प्रमाण. दुसऱ्याचं वेगळं असतं, हे तुम्ही दर वेळी बजावलंत.

आणि तरी मी वहीत खोटं लिहिलं. जेवण 40 ग्रॅम, चार युनिट, दोन तासांनी शुगर 270. मध्ये केकचा एक तुकडा होता, तो लिहायची लाज वाटली. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवून विचारलंत, ‘प्रमाण चुकलंय की ताटातलं काही वहीत यायचं राहिलंय? दोन्ही चालेल. पण खरं सांगा.’

मी रडले. तुम्ही ओरडला नाहीत, गणित मांडलंत. वही खरी मानली असती तर माझा डोस वाढला असता, 40 ग्रॅमला चाराऐवजी सात युनिट. माझी शुगर एका युनिटने साधारण 50 ने उतरते. म्हणजे खरोखर 40 ग्रॅमच खाल्लेल्या दिवशी ती आणखी दीडशेने खाली! केकपेक्षा न लिहिलेला केक घातक, हे मला तेव्हा कळलं. मग तुम्ही शांतपणे त्या ओळीत ‘केक, अंदाजे 30 ग्रॅम’ लिहिलंत आणि शेजारी ‘तीन युनिट राहिले’.

बाकीही पुष्कळ शिकले. शुगर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटं थांबून पुन्हा तपासणी. चॉकलेट तिथे कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. (माझ्या पर्समध्ये वर्षभर चॉकलेटच होतं!) ‘शुगर फ्री’ बिस्किटातही पिठाचे कार्ब असतातच. पण हे कुणीही शिकवलं असतं. चुकीची नोंद पकडून माणसाला न पकडणं सगळ्यांना जमत नाही.

पुढच्या महिन्यात वही घेऊन येते. त्यात केक तीनदा आहे. एकदा अंदाज साफ चुकलाय, तेही लिहिलंय.

तुमची,
दर महिन्याच्या पहिल्या सोमवारची पेशंट