नायसिन कोणत्या फळीवर ठेवू? अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. आपल्या खात्याच्या पाटीवर अन्नही आहे आणि औषधही, म्हणून हे पत्र दिल्लीला न पाठवता आधी आपल्याला लिहितो आहे. नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, नेमकं या दोहोंच्या फटीत जाऊन बसलं आहे.

प्रौढ माणसाला जेवणातून दिवसाला साधारण १४ मिलिग्रॅम नायसिन पुरतं. ते कमी पडलं तर पेलाग्रा हा कातडी, पोट आणि डोकं बिघडवणारा रोग होतो. दख्खनमधल्या ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत हा रोग दिसायचा आणि हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा माग काढला. तेव्हा जीवनसत्त्व म्हणून नायसिनशी माझं भांडण नाही. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी मात्र ते घेतात दिवसाला १५०० ते २००० मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त. गरजेच्या शंभरपट मात्रेला अन्न कसं म्हणायचं?

या उपयोगाचा शोध १९५५ साली कॅनडात लागला. अल्टशुल आणि हॉफर ही त्यातली मुख्य नावं. पुढे अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’मध्ये, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांत नायसिनने पुन्हा येणारे झटके कमी झाले. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या गटात मृत्यूही काहीसे कमी होते. त्या काळी कोलेस्टेरॉल उतरवणारी आजची नेहमीची औषधं, म्हणजे स्टॅटिन, नव्हती, आणि हातात जे होतं त्यात हे औषध चांगलंच होतं. नायसिनचे चाहते आजही हाच अभ्यास पुढे करतात आणि तिथेच थांबतात. पुढचं कोणी सांगत नाही.

पुढचं असं. २०११ साली ‘एम-हाय’ हा ३४१४ रुग्णांचा अभ्यास वेळेआधी थांबवला गेला. स्टॅटिनच्या जोडीला नायसिन दिल्यावर ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढलं, पण झटके काही कमी झाले नाहीत. मग ‘एचपीएस-२ थ्राइव्ह’मध्ये २५,६७३ रुग्णांवर नायसिन आणि त्याने येणारी तोंडाची लाली कमी करणारं लॅरोपिप्रंट एकत्र देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही. उलट नव्याने मधुमेह, बिघडलेली साखर, जंतुसंसर्ग, रक्तस्राव हे सगळं वाढलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी स्टॅटिनसोबत नायसिन देण्याची मान्यता काढून घेतली. दहा कोटींवर मधुमेही असलेल्या आपल्या देशात साखर वाढवणारी गोळी ‘नैसर्गिक’ म्हणून खपावी, याचं मला नवल वाटतं.

दुकानात काय होतं ते सांगतो. अटॉरवास्टॅटिन या स्टॅटिनची चिठ्ठी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं : “ही बंद करून हे व्हिटॅमिन सुरू केलं तर?” ऑनलाइन मागवलेली ५०० मिलिग्रॅमची बाटलीही काही जण दाखवायला आणतात. घेतल्यावर तोंड, मान लालबुंद होते, अंग चुरचुरतं. त्यावर शेजारी सांगतो, गुण येतोय. तो गुण नव्हे, त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात एवढंच. हे टाळायला ‘लाली न आणणारं’ बी-३ घेतात, तर त्यात बहुधा निकोटिनामाइड हा बी-३ चा दुसरा प्रकार असतो, ज्याने कोलेस्टेरॉल उतरतच नाही. आणि हळूहळू विरघळणाऱ्या काही गोळ्या यकृताला जास्त त्रास देतात. बाटल्या तिन्ही बी-३ च्याच, पण काम तिघींचं वेगळं. लेबलवरून हे भल्याभल्यांना कळत नाही.

स्टॅटिन चिठ्ठीशिवाय दिली तर आपले निरीक्षक माझा परवाना अडवतील, आणि ते योग्यच आहे. मग तितक्याच ताकदीचा पदार्थ अन्नपूरक म्हणून थेट घरपोच कसा जातो? कायदा नाही असंही नाही. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे आणि ज्या रोगांवरच्या इलाजाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत हृदयविकार आहे. अन्नपूरकांत जीवनसत्त्व किती असावं यालाही मर्यादा आहेत. ऑनलाइन कंपन्यांचा व्यवहार कुठूनही चालो, भिवंडीची गोदामं आपल्याच हद्दीत आहेत. तिथून नायसिनचे नमुने घ्यावेत, मात्रा तपासावी, ‘हृदय निरोगी ठेवते’ छापणाऱ्यांना नोटिसा जाव्यात. लेबलवर नायसिनचा प्रकार आणि मधुमेह, यकृताचा विकार किंवा गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) असणाऱ्यांसाठी इशारा मराठीत असावा, असा प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा.

एखाद्या तज्ज्ञाने विचारपूर्वक नायसिन लिहून दिलं तर मी ते देईन, रुग्णाला यकृताची आणि साखरेची तपासणी करायलाही सांगेन. पण चिठ्ठी नसलेल्या गिऱ्हाइकाला ५०० मिलिग्रॅमची बाटली विकायची की नाही, याचं लेखी उत्तर मला आपल्या खात्याकडून हवं आहे.

आपला,
एक औषधविक्रेता