मालमत्ता कर: दंड कोण भरणार?

सर्व सभासदांस नमस्कार.

मालमत्ता कराचं बिल आपल्या सोसायटीच्या नावे एकत्र येतं. मुदत टळली की महापालिका थकबाकीवर दरमहा 2 टक्के दंड लावते, म्हणजे 1 लाखावर महिन्याला 2,000. वर्षाला 24 टक्के! एवढं व्याज तर कुठलीच एफडी देत नाही.

मागच्या खेपेला चौघांचे चेक उशिरा आले, एकावर सहीच नव्हती, आणि दंड सगळ्यांच्या माथी बसला. या वेळी तो ज्याचा त्याच्या मेंटेनन्स बिलात लागेल. बिलाची रक्कम पटत नसेल तर तक्रार जरूर द्या, पण पैसे थांबवू नका. 'अभय योजना (म्हणजे दंडात माफी) येतेय' या फॉरवर्डवर तर मुळीच विसंबू नका.

शनिवारपर्यंत चेक ऑफिसात द्या.

– सेक्रेटरी