रात्री डबा चालूच असू दे

ता. ६ मे

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस की विहीणबाई रोज रात्री दहाला राउटर, म्हणजे तो इंटरनेटचा डबा, बंद करतात, बाळाला त्या लहरींचा त्रास होईल म्हणतात, बिलही वाढतं म्हणतात, तर बाबा, खरं काय? तेवढ्यात बाळ उठलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून लिहायला बसलो. हे पत्र तू त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना नातवाची काळजी आहे, तिचा मान ठेवूनच लिहितोय.

माझं मत आधी सांगतो. डबा चोवीस तास चालू ठेव. विजांचे ढग लांबून येताना दिसले किंवा घर बरेच दिवस बंद राहणार असलं, तेवढ्यापुरता बंद कर. आणि तेव्हा नुसतं बटण दाबू नकोस, पिन सॉकेटमधून बाहेर काढ.

तुला आठवतं का, लहानपणी तू माझ्याबरोबर टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूमच्या दारात उभी राहायचीस आणि अॅसिडच्या वासाने नाक धरायचीस? आत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल रांगेने मांडलेले असत. सगळे मिळून ४८ व्होल्ट. गावातल्या प्रत्येक घरच्या फोनला वीज त्या सेलांतून तांब्याच्या तारेवरून जायची. म्हणून वादळात अख्ख्या तालुक्याची लाईट गेली तरी फोन लागायचा. लोकांना वाटायचं, फोनला वीज लागतच नाही. लागायची, पण ती आम्ही पुरवायचो. मी सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालायचो, हायड्रोमीटर बुडवून प्रत्येक सेलचं रीडिंग वहीत लिहायचो, लाईट गेली की इंजिन सुरू करायचो. रात्री कुणाला डॉक्टर लागला तर त्याचा फोन मुका असता कामा नये, एवढ्यासाठी ते सगळं.

आता घरात फायबर आलं. फायबर म्हणजे काच. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. त्यामुळे पलीकडचं एक्स्चेंज कितीही जागं असलं तरी आपल्या घरातला डबा बंद असला की आपण तुटलो. जे काम आम्ही टेलिफोन खात्यात करायचो ते आता ज्याच्या त्याच्या घरात आलंय, आणि हे कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हे मला माहीत असूनही मी स्वतः दोन वर्षं रात्री डबा बंद करत होतो. गेल्या श्रावणातली ती रात्र तुला आम्ही नीट सांगितली नाही, कारण तुला सातवा महिना होता. रात्री अडीचला आईला धाप लागली. आपल्या घराच्या चिऱ्याच्या भिंती तुला ठाऊकच आहेत, माजघरात मोबाईलला रेंज म्हणून येत नाही. आपले फोन घरात वायफाय कॉलिंगवरच, म्हणजे डब्यातल्या इंटरनेटवरूनच चालतात. मी धावत जाऊन डब्याचं बटण दाबलं. पॉनचा, म्हणजे फायबरची लाईन जोडली गेली की नाही ते दाखवणारा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. तो स्थिर झाल्याशिवाय लाईन लागत नाही. मी एका हाताने आईची पाठ चोळत होतो आणि नजर त्या दिव्यावर होती. जेमतेम तीन मिनिटं गेली असतील. खालच्या वाडीतल्या रिक्षावाल्याला फोन लागला, तो आला, आई बरी झाली. पण ती तीन मिनिटं मी विसरू शकत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जागे ठेवले आणि घरचा मीच निजवला होता. दुसऱ्या दिवशी त्या बटणावर चिकटपट्टी लावली, ती अजून तशीच आहे.

आता बिलाचं बघू. तुमच्या डब्याच्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपियर असं काहीतरी लिहिलेलं असेल. म्हणजे जास्तीत जास्त १२ वॉट. प्रत्यक्षात साधारण ८ धर. दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, हिशेब सहा युनिटच्या आत येतो. युनिटला आठ रुपये धरले तरी पन्नास रुपये होत नाहीत. रात्रीचे आठ तास बंद ठेवून यातले दोन युनिटही वाचत नाहीत. तुमचा दोन हजार वॉटचा गीझर तेवढी वीज एका तासात खातो. बिल कमी करायचंच असेल तर जावईबापूंना गीझरचं बटण वेळेवर बंद करायला सांग.

लहरींच्या भीतीला मात्र हसू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातलं, हे खरं आहे. विहीणबाईंनी ते कुठेतरी ऐकलं असणार. पण त्या गटाचा अर्थ पुरावा तुटपुंजा आहे, शंका पूर्ण फिटलेली नाही, एवढाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत, पेशीतले रेणू तोडण्याएवढी ताकद त्यांच्यात नसते. शिवाय डबा हवेत सोडतो ती शक्ती साधारण वॉटचा दहावा भाग, आणि अंतर दुप्पट झालं की ती चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा डबा बाळाच्या खोलीतून काढून पॅसेजमध्ये वर लावून घे. तरीही त्यांच्या मनाला बरं वाटत नसेल तर बऱ्याच डब्यांच्या बाजूला डब्ल्यूलॅन असं छोटं बटण असतं. त्याने फक्त वायफाय बंद होतं, लाईन चालू राहते. तुमच्याकडे मोबाईलला रेंज चांगली आहे, तेव्हा ते चालेल. बाळाच्या आजीला रात्री शांत झोप लागणं हेही महत्त्वाचं आहे.

आभाळातली वीज मात्र अजिबात हलक्यात घेऊ नकोस. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन वेळा वाईट. लोक म्हणतात, फायबरमधून वीज येत नाही, मग भीती कसली? काचेतून येत नाही, बरोबर. पण अॅडॅप्टर विजेच्या बोर्डाला जोडलेला आहे आणि तिथून येते. परवाच्या वळवात खालच्या वाडीत एका घरी अॅडॅप्टर गेला, डबा गेला, आणि डब्यातून टीव्हीला लॅन केबल होती म्हणून टीव्हीही गेला. प्लास्टिक वितळलेला वास दुसऱ्या दिवशीही येत होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं अॅप आहे, आसपास वीज पडत असली की कळवतं. ते फोनमध्ये घाल. पण पिन काढायची ती ढग लांब असताना. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर बोर्डाला हात लावू नकोस.

जावईबापू म्हणाले होते की रात्री बंद ठेवला म्हणजे हॅकरपासून सुरक्षित. तसं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस जगभरच्या राउटर आणि कॅमेऱ्यांत शिरला, तो कारखान्यातून आलेले पासवर्ड एकामागून एक वापरून. लाखो लोकांनी ते बदललेच नव्हते. डबा बंद-चालू केला की तो पुसला जायचा, आणि पासवर्ड तोच असला की थोड्याच वेळात परत शिरायचा. तेव्हा डब्याचा आतला, म्हणजे सेटिंगचा पासवर्ड बदला. वायफायचा वेगळा, हा वेगळा. आणि डब्याची दुरुस्ती, अपडेट म्हणतात ते, बऱ्याच कंपन्या रात्रीच पाठवतात. रोज रात्री बंद असलेला डबा त्याला मुकतो.

फोटोत बघितलं, डब्यावर क्रोशाचा रुमाल घातलाय. विणलाय सुरेख, पण तो काढ. डब्याची भोकं मोकळी हवीत. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, उष्णतेने सुकतात, दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं असा आमचा ठोकताळा. चोवीस तास चालण्याने डबा मरत नाही गं, तापण्याने मरतो.

गणपतीला आठ-दहा दिवस इकडे याल तेव्हा पिन काढूनच निघा.

एक मिनी यूपीएस घे. बॅटरीची छोटी पेटी असते, लाईट गेली तरी डबा दोन-तीन तास चालतो. पण आधी अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाच, चुकीच्या व्होल्टचा घेतलास तर डबा जळेल. अॅडॅप्टर आणि यूपीएस, दोन्हींचा फोटो काढून मला पाठव, मी बघून सांगतो, मग पैसे दे.

आईने बाळासाठी नाचणीचं सत्त्व केलंय, येणाऱ्याबरोबर पाठवतो. विहीणबाईंना आणि जावईबापूंना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझे
बाबा